जपलेली की झोपवलेली?

मार्चमध्ये एका मित्रानं जाहिरात पाठवली. लाल रंगाची सॅन स्टॉर्म. दोन सीट, कापडी छत, ते मागं टाकलं की वर थेट आभाळ. खाली लिहिलेलं: क्लासिक स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल, सिंगल ओनर, फक्त ९,००० किलोमीटर, कायम कव्हरखाली, म्युझियम कंडिशन.

ज्यांना स्टॉर्म माहीत नाही त्यांच्यासाठी: नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, गोव्यात बांधलेली ही भारतीय गाडी. बॉडी फायबरग्लासची. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० अश्वशक्ती, म्हणजे आजची साधी हॅचबॅकसुद्धा तिला मागं टाकेल. पण शाळेत असताना मामाच्या गॅरेजमधल्या एका जुन्या मासिकातून मी तिचा फोटो कापून वहीला चिकटवला होता. आता मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पाच वर्षांची बचत खात्यात आहे आणि तीच गाडी विकायला निघाली होती.

मी मामाला फोन केला. मामाचं गॅरेज केज तालुक्यात, रस्त्याच्या कडेला. पत्र्याचं शेड, एक खड्डा, एक चेन ब्लॉक. तो रात्रीच्या एसटीनं पुण्याला आला.

गाडी खरंच चकाचक होती. मामानं तिच्या रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी वाकून टायरवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. १४०३. म्हणजे २००३ सालचा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर दगड झालेलं. मग त्यानं पेट्रोल टाकीचं झाकण उघडून वास घेतला. जुनं पेट्रोल चिकट होतं आणि त्याला वॉर्निशसारखा वास येतो, तसाच येत होता. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी उभी असली तरी. छताचं कापड घडीवर चिरलेलं आणि सीटखाली उंदरानं कुरतडलेली वायर.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "भाच्या, ही गाडी जपलेली न्हाई. झोपवलेली हाय."

माझं भांडण इथून सुरू होतं. आपल्याकडं वापरलेल्या गाडीची किंमत कमी किलोमीटरवर ठरते. जितकी कमी चालली तितकी चांगली, हे आपण कधी तपासूनच बघितलेलं नाही. माझ्या धंद्यातलं सांगतो. रोज चालणाऱ्या वीस वर्षं जुन्या प्रोग्रामवर मी विश्वास ठेवतो, कारण त्याचे दोष रोज सापडतात आणि रोज दुरुस्त होतात. पाच वर्षं कोणी न चालवलेल्या कोडला मी हात लावायला घाबरतो. न चालणं म्हणजे न बिघडणं नव्हे, बिघाड न कळणं.

आणि हा गैरसमज आता कायद्यातही बसलाय. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्या. रोजच्या वापराला मात्र बंदी. दुसऱ्या टोकाला १५ वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी: पुन्हा नोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झालं. म्हणजे गाडी म्हातारी झाली की भंगारात द्या, आणि फारच म्हातारी झाली की मखरात बसवा. मधल्या, दुरुस्त करत चालवलेल्या गाडीचं कौतुक कुठंच नाही.

आमचा बीड जिल्हा मात्र त्या मधल्या गाडीवरच जगलाय. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. तोवर एसटी नाहीतर काळी-पिवळी जीप. बाजाराला जाणारे, कॉलेजला जाणारे, बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई, सगळे तिच्यातच. त्या जीपांचं मीटर कधीच बंद पडलेलं असायचं. पण कोणत्या जीपचा गिअरबॉक्स कधी उघडला, क्लच प्लेट कधी बदलली, हे मामा वहीत न बघता सांगायचा. मला विचाराल तर जपणं म्हणजे हे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: जुन्या गाड्या धूर ओकतात. मग धूर मोजा ना! त्यासाठी पीयूसी आहे. ती तपासणी प्रामाणिक करा, नापास होणारी गाडी पाच वर्षांची असली तरी थांबवा. गाडीचं वय हे मोजमापाचं काम टाळायचं निमित्त आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मुळात थोड्याच बनलेल्या गाड्या रोज चालवल्या तर उद्या एकही उरणार नाही, सुटे भाग मिळणार नाहीत. पण स्टॉर्मचं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये भरपूर वापरलं गेलंय, त्याचे भाग शोधले तर सापडतात. शोधत कोणी नाही, कारण चालवत कोणी नाही. आणि सुट्या भागाआधी संपतो तो हात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमच्या जिल्ह्यातली माणसं दरवर्षी कोयता घेऊन दूरदूर जाऊन ऊस तोडतात, त्यातलंही इथेनॉल त्यात असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. ते बदलावे लागतात, आणि कुठले बदलायचे हे ओळखणारा माणूस लागतो. मामा ५८ वर्षांचा आहे. त्याच्या शेडमध्ये गेल्या चार वर्षांत एकही पोरगा शिकायला आलेला नाही. काम नसेल तर पोरगं कशाला येईल?

मामानं हिशोब मांडला: टायर, पाइप, ब्रेक, वायरिंग, छत. तेवढे पैसे वजा करून मी भाव सांगितला. मालक भले गृहस्थ होते, पैशावर अडलेच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घेऊन काय करणार?"

"चालवणार. गावाकडं नेणार, धारूरच्या घाटातून."

ते हसले. म्हणाले, "मग नको. तुम्ही खराब कराल."

मला राग आला नाही, वाईट वाटलं. वीस-बावीस वर्षं ज्या माणसानं गाडीवर इतका जीव लावला, त्यानं तिच्यात बसून एक पावसाळा तरी बघायला हवा होता. परतताना मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इंजिन चांगलं हाय रं. दोन महिन्यात पळवली असती."

तेव्हा मित्रांनो, जुनी गाडी बघायला गेलात तर किलोमीटर शेवटी विचारा. आधी विचारा, शेवटची कधी बिघडली, कोणी दुरुस्त केली, बिलं आहेत का? उत्तर "कधी बिघडलीच नाही" असं आलं तर सावध व्हा.

पैसे अजून खात्यात आहेत. कोणाकडं ७०-८० हजार किलोमीटर चाललेली, ओरखडे पडलेली, बिलांची फाइल असलेली स्टॉर्म असेल तर सांगा. मामाला घेऊन येतो.