हात वर करणाऱ्यांची जबाबदारी

नगरपालिकांतील गैरव्यवहाराची चर्चा आपल्याकडे एका ठरावीक चाकोरीतून चालते. आरोप होतात, मोर्चा निघतो, मंत्रिमहोदय विधिमंडळात चौकशीचे आश्वासन देतात आणि सर्वांना हायसे वाटते. चौकशी जाहीर होणे म्हणजेच न्याय मिळणे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही रुजली आहे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी जळगावच्या घरकुल प्रकरणाकडे वळणे उपयोगाचे आहे, कारण तेथे चौकशी अर्ध्यावर विरली नाही. ती निकालापर्यंत पोहोचली.

झोपडपट्टीवासीयांसाठी जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘हुडको’चे कर्ज काढून ११ हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना हाती घेतली. त्यांपैकी पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. काही जागा पालिकेच्या मालकीच्याच नव्हत्या, बिगरशेती परवानग्या नव्हत्या, आणि तरीही कंत्राटदाराला बिनव्याजी आगाऊ रकमा दिल्या गेल्या, हा आरोपाचा गाभा होता. मध्यंतरी २००३ साली पालिकेची महापालिका झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. रक्कम सुमारे २९ कोटी रुपये. माजी मंत्री सुरेश जैन यांच्या अटकेसाठी मार्च २०१२ उजाडावा लागला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद व १०० कोटी रुपये दंड, दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कैद. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात अपिलात गेले, म्हणून व्यक्तींविषयी अधिक लिहिणे उचित नव्हे.

फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. ज्या कुटुंबाने घराच्या आशेने अर्ज भरला, त्याच्या अंगणातले पोर या काळात शाळा संपवून कामाला लागले असेल, आणि तेही झोपडीतूनच. दरम्यान २०१३ च्या महापालिका निवडणुकीत, नेता तुरुंगात असतानाही, त्याचीच आघाडी सभागृहातील सर्वांत मोठा गट ठरली. मतदारांना दोष देऊन मोकळे होण्याची घाई आपण करू नये. पोलिसांच्या कागदपत्रांत जे गुन्हा म्हणून नोंदले गेले, ते वस्तीतल्या माणसाला कधी कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगितले होते काय?

ते समजावणे अवघड नाही. बिनव्याजी आगाऊ रक्कम हा शब्दप्रयोग कागदावर निरुपद्रवी दिसतो. आता उदाहरणादाखल असे धरू, की एखादी पालिका १२ टक्के व्याजाने कर्ज काढते आणि त्यातले १० कोटी दोन वर्षांसाठी कंत्राटदाराच्या हाती बिनव्याजी ठेवते. सरळ व्याजानेच हिशेब केला तरी २ कोटी ४० लाख रुपये पालिकेने भरले आणि कंत्राटदाराने वाचवले. येथे कोणी कोणाला पाकीट दिलेले नाही, एकही वीट निकृष्ट लावलेली नाही, निविदेतला दरही कदाचित वाजवी असेल. तरीही पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाच्या खिशातून ही रक्कम एका धनिकाच्या खिशात गेली. आपण ‘टक्केवारी’च्या मागे धावतो, पण टक्केवारी सिद्ध करणे अतिशय कठीण असते. आगाऊ रकमेचा ठराव मात्र इतिवृत्तात लिहिलेला सापडतो. हुडकोच्या कर्जाने पुढे कित्येक वर्षे जळगाव महापालिकेची पाठ सोडली नाही. वसुलीपायी तिची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत पाळी आली. शहरातले रस्ते आणि गटारे यांसाठी पैसा का नव्हता, याचे उत्तर त्या जुन्या ठरावांत शोधावे लागते.

धुळ्याच्या निकालातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. शिक्षा झालेल्यांत अनेक जण त्या काळचे साधे नगरसेवक होते. ठराव मंजूर होताना हात वर करणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून कायद्याच्या दृष्टीने ती कृती असते, हे त्या दिवशी पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले असावे.

येथे मला आपल्याच वर्तुळातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. एका लहान नगरपालिकेत आपल्या विचाराचे एक नगरसेवक होते. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारे गृहस्थ. त्यांच्या पाच वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मी एकदा सवडीने वाचली. एकाही खरेदीच्या ठरावाला त्यांचा नोंदवलेला विरोध नव्हता. विचारले तेव्हा म्हणाले, “सर, कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्री हातात पडते. निम्मे विषय तर आयत्या वेळचे. वाचायचे कधी?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्या सभागृहात प्रामाणिक माणूस न वाचता हात वर करतो, तेथे अप्रामाणिक माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत, हेही त्यांना सांगणे मला भाग पडले.

यावर सुशिक्षित मध्यमवर्गाचा उपाय ठरलेला आहे: नगरसेवकच नकोत, प्रशासक बरा. मुंबईत हा प्रयोग मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत चालला. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चावर ‘कॅग’ने दिलेला अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला. २० कामे, २१४ कोटी रुपयांची, निविदा न काढताच दिलेली. ६४ कामांत, म्हणजे ४,७५५ कोटी रुपयांच्या व्यवहारात, कंत्राटदाराशी लेखी करारच झालेला नाही. करार करणे हे नगरसेवकाचे काम नसते, ते अधिकाऱ्याचे काम असते. कोविडकाळातील ३,५३८ कोटींचे कागद तर साथरोग कायद्याची ढाल पुढे करून तपासायलाच दिले गेले नाहीत. आणि प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव मांडणारा व मंजूर करणारा एकच असतो. स्थायी समितीत कोणी दोन प्रश्न विचारण्याची जी शक्यता असते, तीही उरत नाही.

हे लेखापरीक्षण राज्यातील सत्तांतरानंतर, जुन्या सत्ताधाऱ्यांच्या कारभाराकडे बोट दाखवण्यासाठी सांगितले गेले, यात शंका नाही. पुढे २०२३ मध्ये विशेष तपास पथकही नेमले गेले. कोणाची चौकशी करायची हे सत्ता ठरवते. पण म्हणून अहवालातले आकडे खोटे ठरत नाहीत, आणि आपण त्याकडे ‘राजकीय सूड’ म्हणून पाठही फिरवू नये. त्याच कसोट्या सर्व महापालिकांना लावा, ही मागणी आपली असली पाहिजे. भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यात २०१८ साली १७-अ हे कलम घालून अधिकाऱ्यांच्या निर्णयांच्या चौकशीपूर्वी सरकारची संमती आवश्यक करण्यात आली. ती संमती कोणाविरुद्ध मिळते आणि कोणाविरुद्ध मिळत नाही, हे पाहिले म्हणजे पोलिसी तपासावर सारी भिस्त ठेवणे किती भाबडेपणाचे आहे ते कळते.

कार्यकर्त्यांच्या हाती त्यापूर्वीचा टप्पा आहे. माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक, आगाऊ रकमेचा ठराव आणि मोजमाप पुस्तक, एवढे तीन कागद मागावेत. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे जुने आक्षेप मागावेत. त्यांवरील अनुपालन वर्षानुवर्षे प्रलंबित असते आणि तेथेच पुष्कळ काही लिहिलेले असते. काम कंटाळवाणे आहे. मोर्चाइतका उत्साह त्यात नाही.

ते नगरसेवक आमच्या बोलण्यानंतर काही दिवस माझ्यावर रुसले होते. पुढच्या सभेचे इतिवृत्त त्यांनी स्वतःच मला आणून दाखवले. पथदिव्यांच्या खरेदीच्या विषयापुढे, दर बाजारभावाशी ताडून पाहिलेले नाहीत या कारणासह, त्यांचा विरोध नोंदवलेला होता. ठराव बहुमताने मंजूर झाला होता.