विश्लेषण : व्हीपीएन वापरताना आयपी पत्ता का बदलतो? स्थिर पत्त्याची किंमत काय?

घरून काम करताना वायफाय गेले आणि फोन मोबाइल डेटावर आला, की अनेकांचे व्हीपीएन तुटते. पुन्हा जोडल्यावर कार्यालयाचा सर्व्हर प्रवेश नाकारतो किंवा बँकेचे संकेतस्थळ पुन्हा ओटीपी मागते. बऱ्याचदा याचे कारण असते बदललेला आयपी पत्ता. तो स्थिर ठेवता येतो, पण त्यासाठी गोपनीयतेचा काही भाग सोडावा लागतो. भारतात २०२२ नंतर हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे.

पत्ता का बदलतो?

इंटरनेटच्या जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. आशिया-प्रशांत विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या टप्प्यात पोहोचला. त्यामुळे मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात आणि तो पत्ताही बदलत राहतो. व्हीपीएन सुरू असताना संकेतस्थळाला ग्राहकाचा नव्हे, तर व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता दिसतो. पुढच्या वेळी वेगळा सर्व्हर मिळाला, की पत्ताही वेगळा.

जोडणी टिकवता येते का?

व्हीपीएन सुरू होताच फोनमध्ये एक आभासी नेटवर्क इंटरफेस तयार होतो आणि त्याला स्वतःचा अंतर्गत पत्ता मिळतो. अ‍ॅपची माहिती या इंटरफेसमधून जाते. वायफाय किंवा मोबाइल डेटा हा केवळ खालचा रस्ता असतो. रस्ता बदलला तरी इंटरफेस टिकला, तर काम खंडित होत नाही. ‘वायरगार्ड’ ही प्रणाली नेमके हेच करते. ती फोनला पत्त्यावरून नव्हे, तर सांकेतिक किल्लीवरून ओळखते. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये तिचा समावेश झाला. ‘आयकेईव्ही२’ या पद्धतीसाठी अशी सोय २००६ मध्येच मानकात आली होती.

मग स्थिर पत्ता कशासाठी?

अनेक कंपन्यांचे सर्व्हर ठरावीक पत्त्यांवरूनच प्रवेश देतात. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांची वाहतूक कंपनीच्या एकाच सर्व्हरमधून नेली, की बाहेर कायम एकच पत्ता दिसतो. वैयक्तिक ग्राहकांनाही काही व्हीपीएन कंपन्या जादा पैसे घेऊन राखीव पत्ता देतात. मात्र सामायिक पत्त्यामागे ग्राहक गर्दीत मिसळून जातो. राखीव पत्त्यावरच्या सगळ्या हालचाली एकाच व्यक्तीशी जोडता येतात.

भारतातील नियम काय सांगतात?

‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि वापराचा हेतू यांची नोंद ठेवायची आहे. सेवा बंद झाल्यावरही ही नोंद किमान पाच वर्षे जपावी लागते. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातील सर्व्हर हटवले. ग्राहकांच्या नोंदीची अट २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नसल्याचे सर्ट-इनने स्पष्ट केले आहे.

वापरकर्त्याने काय निवडावे?

आधी गरज ओळखावी. जोडणी वारंवार तुटत असेल, तर राखीव पत्ता विकत घेण्याची गरज नाही. वायरगार्ड किंवा आयकेईव्ही२ निवडून एकच सर्व्हर ठरवून ठेवणे बहुधा पुरते. जोडणी तुटल्यास इंटरनेट रोखणारा ‘किल स्विच’ सुरू ठेवावा, म्हणजे खरा पत्ता उघडा पडत नाही. कार्यालयीन सर्व्हरसाठी स्थिर पत्ता उपयोगी आहे, पण केवळ पत्ता जुळला म्हणून माणूस तोच असे ठरत नाही. त्यामुळे दुहेरी पडताळणी हवीच. माहितीचा स्रोत जपणारे पत्रकार किंवा आपली ओळख झाकू पाहणारे तक्रारदार यांच्यासाठी मात्र स्थिर पत्ता ही सोय नसून जोखीम ठरू शकते.