कडा करपा, पुण्याची प्रयोगशाळा आणि आपली कणगी

भाताच्या पानाच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडत खाली आल्या की आपण म्हणतो युरिया कमी पडला, आणि आणखी एक गोण टाकतो. तो बहुतेक वेळा कडा करपा असतो, जिवाणूंचा. नत्र जादा झालं की तो आणखीच फोफावतो. फवारणीनं फारसा आवरत नाही; उपाय बियाण्यातच असावा लागतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलेल्या डॉ. प्रभाकर रांजेकरांचं नाव आपल्या बांधावर कुणी घेत नाही. १९७६ साली त्यांचा गहू आणि बार्लीच्या डीएनएवरचा निबंध छापून आला. डीएनएत तोच तोच मजकूर किती वेळा येतो, याचा तो अभ्यास. याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असं पदविकेला असताना मीही विचारलं असतं. पण २००१ साली त्यांच्याच गटाचा निबंध आला तो भाताच्या कडा करप्यावर: प्रतिकारक जनुकं डीएनएतल्या खुणेवरून ओळखून रोपं निवडायची. मधे पंचवीस वर्षं गेली.

पूर्वी रोप वाढवा, रोग लावा, वाट पाहा. आता कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी याच रीतीनं सांबा मसुरीत तीन जनुकं आणली, ते वाण २००८ साली आलं. त्यातलं एक, एक्सए-२१, मुळात आफ्रिकेतल्या रानभाताचं. कुणाला वाटलं असतं?

म्हणून सांगतो, घरचं बी टाकू नका. कल्याण तालुक्यातल्या एका आजोबांनी शेत इमारतीसाठी दिलं, आणि कणगीतलं उरलेलं बी कोंबड्यांना घातलं. वाणाचं नावसुद्धा आता कुणाला नीट आठवत नाही. जमिनीचा भाव सगळे सांगतात, बियाचा कोण सांगणार? आणि एकदा गेलेलं बी कुठल्याच प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावाला समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. मी पाहिलेल्या एका वहीत भाताच्या पानावर फक्त ‘भात’ एवढंच लिहिलं होतं. (सही मात्र झोकदार!) या हंगामात म्हाताऱ्या माणसांना बोलवा. वाणाचं नाव, कुठल्या जमिनीत येतं, किती दिवसांत निसवतं, पाण्यात तगतं का, एवढं विचारा. लिहायला मी बसतो.