रचना आणि ओळंबा

अलीकडे शिक्षणाच्या क्षेत्रांत ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द वारंवार कानीं येतो. मूल म्हणजे रिकामें मडकें नव्हे; आपल्या पूर्वानुभवाच्या आधारें तें स्वतःच ज्ञानाची रचना करितें, असें हें मत आहे. जाँ प्याजे व लेव्ह व्हिगॉट्स्की या पंडितांच्या लेखनावर तें मुख्यतः उभें आहे. आपल्या देशांत २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें त्याचा पुरस्कार केला. निव्वळ घोकंपट्टीनें मुलांचे कसे हाल होतात हें पाहिलेलें असल्यामुळें आम्हीं या मताचें स्वागतच केलें. तथापि स्वागत करणें निराळें आणि डोळे मिटून मागें जाणें निराळें.

आमच्याच वर्गांतील एक प्रसंग सांगतों. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती, हें मुलांनीं स्वतः शोधावें म्हणून त्यांच्या हातीं कोनमापकें देऊन आम्ही गप्प बसलों. एका गटास १७८ अंश मिळाले, दुसऱ्यास १८३, तिसऱ्यास १८०. मुलांनीं निष्कर्ष काढिला कीं, प्रत्येक त्रिकोणाची बेरीज वेगळी! हातीं आलेल्या आंकड्यांतून दुसरें काय निघणार? तेव्हां आम्हांस बोलणें भाग पडलें. मापनांत चूक कशी शिरते तें समजाविलें. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारीं शेजारीं ठेवविले. ते एका सरळ रेषेवर बसले. शेवटीं पायाला समांतर रेषा काढून सिद्धता फळ्यावर मांडिली. शोधाची गोडी मुलांची होती; पण वाट दाखविणें हें आमचें काम होतें, आणि तें आम्हीं उशिरां केलें.

किर्शनर, स्वेलर व क्लार्क या तिघांनीं २००६ सालच्या एका निबंधांत हीच अडचण मांडिली आहे. नवशिक्याची तात्कालिक स्मृति तोकडी असते; ती चांचपडण्यांतच खर्ची पडली, तर शिकण्यास कांहीं उरत नाहीं. खुद्द व्हिगॉट्स्कीनेंही जाणत्याच्या साह्याचें महत्त्व सांगितलें होतें. ज्याच्या घरीं पुस्तकें व शिकलेलीं माणसें आहेत, त्याला शाळेंतली उणीव घरीं भरून काढितां येते. परंतु ज्याच्या घराण्यांत प्रथमच कोणी शाळेची पायरी चढलें, त्याला शिक्षकावांचून दुसरा आधार कोणता? शिक्षकाच्या मौनाची किंमत अशाच मुलाला अधिक मोजावी लागते.

पालकहो, मुलाला केवळ ‘गुण किती?’ असें न विचारतां ‘हें तुला कशावरून कळलें?’ असेंही विचारीत जा. विद्यार्थ्यांनो, प्रश्न करण्यास भिऊं नका, आणि पाढे पाठ करण्यास लाजूंही नका. विटाच नसतील तर रचना कशाची करणार? शिकाऊ गवंडी भिंत आपल्याच हातांनीं रचितो, पण जुना मिस्त्री मधून मधून ओळंबा सोडून पाहतो. भिंत तुमचीच आहे. ओळंबा धरण्याचें काम मात्र आम्हांस टाळतां येणार नाहीं.