चाहूल

छत्तीसगढमधील भिलाईला लागून असलेले चरोदा हे रेल्वेचे गाव. येथील विस्तीर्ण यार्डात मालगाड्या तोडल्या जातात, पुन्हा जोडल्या जातात आणि डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज रात्रीही कानांवर येत राहतो. नवा पाहुणा त्या आवाजाने दचकून उठतो. वर्षानुवर्षे तेथे राहणाऱ्या माणसाची झोप मात्र त्याने मोडत नाही. पण एखाद्या रात्री यार्ड अचानक गप्प झाले, तर तोच माणूस जागा होतो, कान टवकारतो आणि ‘आज काय झाले असेल?’ असे स्वतःशीच म्हणतो. भयपट काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या लहानशा अनुभवाकडे लक्ष द्यायला हवे. मोठा आवाज झाला की माणूस भितो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रोजच्या ओळखीचे काहीतरी मोडते, पुढे काय होणार हे कळेनासे होते, तेव्हा मनावर ताण येतो. हा ताण हाच भयपटाचा प्राण होय.

आज मोबाईलवर चित्रण करता येते आणि त्याच्यावरच संकलनही करता येते. त्यामुळे चित्रपटकलेचे शिक्षण घेणारे, आणि न घेणारेही, अनेक तरुण लघुपट तयार करू लागले आहेत. त्यांपैकी कित्येकांना पहिला प्रयत्न भयपटाचाच करावासा वाटतो. त्याचे कारणही उघड आहे. नामवंत नट, भव्य देखावे किंवा परदेशातील चित्रण यांची त्यासाठी गरज नसते. एक जुने घर, एक कंदील आणि दोन-तीन मित्र एवढ्यावर काम भागते. परंतु पुष्कळदा असा लघुपट पाहताना प्रेक्षक भिण्याऐवजी हसतात. पांढरे लुगडे, मोकळे केस, धूर आणि कर्कश किंकाळी ही सारी सामग्री पडद्यावर हजर असते, तरीही भीती वाटत नाही. याचे कारण असे की, दचकणे आणि भिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीमागून कोणी टाळी वाजवली तरी माणूस दचकतो, पण पुढच्याच क्षणी तो सावरतो. भीती मात्र हळूहळू चढते आणि प्रसंग संपल्यावरही रेंगाळते.

हा फरक आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाने एका साध्या उदाहरणाने समजावून सांगितला आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी घेतलेली त्याची प्रदीर्घ मुलाखत १९६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत तो एका बॉम्बचे उदाहरण देतो. दोन माणसे टेबलापाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो, एवढेच. आता हाच प्रसंग वेगळ्या रीतीने मांडला, टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला आधीच सांगून ठेवले, तर त्याच निरर्थक गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. ‘उठा, तेथून निघा’ असे त्याला ओरडून सांगावेसे वाटते. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, या अंतरातून ताण जन्माला येतो.

हे तत्त्व आपल्या परिसरात आणून पाहू. समजा, चरोद्यातील काही विद्यार्थी एक लघुपट करीत आहेत. पावसाळ्याची रात्र आहे. रेल्वेत काम करणारा एक तरुण रात्रपाळी लवकर संपवून आपल्या क्वार्टरकडे परत येतो. वीज गेलेली आहे. तो कुलूप काढू लागतो तर कडी नुसतीच अडकवलेली आढळते. आपण घाईत कुलूप लावायचे विसरलो असू, असे समजून तो आत शिरतो. तेवढ्यात वीज चमकते आणि क्षणभर प्रेक्षकाला फरशीवर ओली पावले दिसतात. ती उंबऱ्यापासून आतल्या खोलीकडे गेलेली आहेत. परत आलेली नाहीत. तरुणाची पाठ तिकडे असल्यामुळे त्याला ती दिसत नाहीत. तो मेणबत्ती लावतो, स्टोव्ह पेटवतो आणि चहाचे आधण ठेवतो.

येथून पुढे दिग्दर्शकाची खरी परीक्षा सुरू होते. नवखा विद्यार्थी या ठिकाणी घाई करतो. त्याला पुढचा धक्का देण्याची उत्सुकता असते, म्हणून तो लगेच आतल्या खोलीचे दार उघडतो. जाणता विद्यार्थी मात्र चहा होऊ देतो. तरुण साखरेचा डबा शोधतो, कप विसळतो, ओला शर्ट दोरीवर टाकतो. एरवी ही कामे कंटाळवाणी वाटली असती. पण ओली पावले पाहिलेल्या प्रेक्षकाला त्यांतील प्रत्येक क्षण जड जातो. कॅमेरा जागचा न हलवता, मध्येच दृश्य न तोडता, तरुणाच्या पाठीमागचे अर्धवट उघडे दार चौकटीच्या कडेला ठेवले, की प्रेक्षकाची नजर आपोआप त्या दारावर खिळते. दारातून काहीही बाहेर आले नाही तरी चालते. काही येईल ही शक्यता पुरेशी असते. विलंब करणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे, हे ज्याला उमगले त्याला निम्मा भयपट साधला.

ताण निर्माण करण्याचे दुसरे साधन म्हणजे ध्वनी. डोळे मिटता येतात, पण कान मिटता येत नाहीत. १९४९ साली कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘महल’ या हिंदी चित्रपटात एका ओसाड हवेलीत गाण्याचे सूर ऐकू येतात. गाणारी स्त्री दुरून जवळ येत आहे असा भास व्हावा, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू त्याच्याजवळ आल्या, अशी आठवण सांगितली जाते. त्या काळी आजची यंत्रसामग्री नव्हती, परंतु अंतर हेही भयाचे साधन आहे याची जाण होती. जवळ येत जाणारा मंजुळ स्वरसुद्धा अंगावर काटा आणू शकतो.

शांततेचा उपयोग याहूनही सूक्ष्म आहे. ‘कॅट पीपल’ हा १९४२ सालचा अमेरिकी चित्रपट अगदी थोड्या खर्चात तयार झाला होता. त्यात एक तरुणी रात्री निर्मनुष्य रस्त्याने एकटी चालली आहे आणि दुसरी स्त्री तिच्या पाठलागावर आहे. दोघींच्या टाचांचा आवाज आळीपाळीने ऐकू येतो. मग मागची पावले एकाएकी थांबतात. आता केवळ एकच चाल ऐकू येते आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. त्यानंतर अचानक जो फूत्कार ऐकू येतो तो कोणा श्वापदाचा नसून शेजारी येऊन थांबलेल्या बसचा असतो. हे दृश्य पुढे अनेक दिग्दर्शकांनी गिरवले. पण नक्कल करणाऱ्यांनी बहुधा तो फूत्कारच उचलला, थांबलेल्या पावलांकडे दुर्लक्ष केले. यार्ड गप्प झाल्यावर जागा होणारा चरोद्याचा रहिवासी त्यांच्यापेक्षा अधिक जाणता म्हणावा लागेल.

तिसरे साधन आहे न दाखवण्याचे. ‘जॉज’ या १९७५ सालच्या चित्रपटासाठी तयार केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडत असे. निरुपाय होऊन स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो मासा फारसा दाखवलाच नाही. पाण्याचा पृष्ठभाग, ओढले जाणारे पिंप आणि संगीताचे दोन स्वर एवढ्यावर त्यांनी भागवले आणि चित्रपट अधिकच भयंकर झाला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा १९९९ सालचा चित्रपट तर चित्रपटकलेच्या विद्यार्थ्यांचीच गोष्ट सांगतो. एका दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी तिघे विद्यार्थी जंगलात जातात आणि परत येत नाहीत. त्याचे दोन्ही दिग्दर्शक फ्लोरिडातील एका विद्यापीठात एकत्र शिकलेले होते. बहुतांश चित्रण कलावंतांनी स्वतःच हाती कॅमेरा घेऊन केले. ज्या चेटकिणीच्या नावाने चित्रपट ओळखला जातो, ती शेवटपर्यंत पडद्यावर येत नाही. साधनांची टंचाई हा विद्यार्थ्याचा शाप आहे असे मानले जाते, पण भयपटाच्या बाबतीत तीच टंचाई त्याला संयम शिकवते.

मराठी माणसाला हा संयम परका नाही. आजीच्या गोष्टीतला मुंजा पिंपळावर बसलेला असतो. तो प्रत्यक्ष कसा दिसतो हे आजी क्वचितच सांगते. चकवा तर मुळीच दिसत नाही. तो केवळ वाट चुकवतो आणि माणूस फिरून फिरून त्याच ठिकाणी येतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी वाचकांच्या पिढ्यांना साध्यासुध्या घरात भय शोधायला शिकवले. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला, राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. त्यातील साखळदंडांनी बांधलेल्या म्हातारीचे भय तिच्या विद्रूप चेहऱ्यात आहे, पण त्याहून अधिक ते एका लहान मुलावर येऊन पडलेल्या कामात आहे. आई घरी नाही आणि ती जागी होण्यापूर्वी तिला भरवायचे आहे. काम साधे, मुदत थोडी आणि चुकीला क्षमा नाही. ताणाचे याहून सोपे सूत्र सांगता येणार नाही.

येथवर कौशल्याचा विचार झाला. पण कौशल्य हे धारदार शस्त्र आहे. ते कोणावर रोखले जाते हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय. भयपट मुळात काढूच नयेत, ते अंधश्रद्धा पसरवतात, असे काही सुजाण मंडळींचे मत आहे. हे मत टोकाचे असले तरी त्यामागची चिंता खोटी नाही. छत्तीसगढमध्ये एखाद्या स्त्रीला ‘टोनही’, म्हणजे चेटूक करणारी, ठरवून तिचा छळ केल्याच्या घटना घडत आल्या आहेत. अशा वेळी बहुधा एकटी, वृद्ध वा निराधार स्त्री बळी पडते. हा छळ रोखण्यासाठी राज्याला २००५ साली ‘टोनही प्रताडना निवारण अधिनियम’ हा स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रातही अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २०१३ साली पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. ज्या समाजात पडद्याबाहेरही स्त्रीला चेटकीण ठरवले जाते, त्या समाजात पडद्यावरची चेटकीण ही निव्वळ करमणूक राहत नाही.

म्हणून भयपट सोडून द्यावा असे मात्र नाही. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला, २०१७ साली प्रदर्शित झालेला ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यात एक गर्भवती स्त्री उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात राहायला येते. उंच उसात वाट सापडत नाही. चार हातांवर कोण आहे हे भर दिवसाही दिसत नाही. जणू चकव्याची जुनी गोष्टच दिग्दर्शकाने उसात आणली आहे. पण भयाचे मूळ शोधत गेल्यावर हाती लागते ते मुलगी नको म्हणणाऱ्या घराचे क्रौर्य. प्रेक्षक भुताला भितो आणि शेवटी माणसाच्या करणीने हादरतो.

आता त्या ओल्या पावलांकडे परत जाऊ. चहा झाला आहे, मेणबत्ती विझत आली आहे आणि तरुण आतल्या खोलीच्या दारापाशी पोहोचला आहे. आत कोण असावे, हे विद्यार्थ्यांना ठरवायचे आहे. केस मोकळे सोडलेली एखादी म्हातारी किंचाळत अंगावर आली, तर प्रेक्षक दचकतील, टाळ्याही वाजवतील. घरी जाताना मात्र गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या वृद्धेकडे पाहण्याची त्यांची नजर थोडी अधिक संशयी झालेली असेल. याउलट, कोपऱ्यात भिजून कुडकुडत बसलेली ती वृद्धा हात जोडून ‘बोलू नकोस’ अशी खूण करते आणि त्याच क्षणी बाहेरच्या दाराची कडी कोणीतरी वाजवू लागते, असे झाले तर? दारापलीकडून अनेक माणसांची कुजबुज ऐकू येते. फटीतून मशालींचा उजेड आत शिरतो. ताण तोच आहे, किंबहुना वाढलाच आहे. परंतु आता भीतीने आपली दिशा बदलली आहे. आतापर्यंत जिला भ्यायचे तिच्यासाठी प्रेक्षक भिऊ लागतो.

कोणत्या क्षणी काय दाखवावे, किती वेळ थांबावे, कोणता आवाज बंद करावा, या गोष्टी सरावाने येतात. प्रेक्षकाला कोणाची भीती घालायची हे सरावाने ठरत नाही; त्यासाठी विवेक लागतो. काळोखात बसलेला प्रेक्षक आपले मन काही काळ दिग्दर्शकाच्या हाती विश्वासाने सोपवतो. दिवे लागल्यावर ते मन अधिक भित्रे होऊन परतावे की अधिक माणुसकीचे, याचा निर्णय विद्यार्थ्याने पहिला कॅमेरा लावण्यापूर्वीच घ्यायला हवा.