रिबका आणि बिननावाचा दास



मागच्या शनिवारी तरुण संघाला घेऊन आम्ही अफझलगंजला उतरलो, नयापुलावरून मुसी ओलांडली आणि सालारजंग संग्रहालयात गेलो. १९५१ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले ते दिवाण देवडीत, सालारजंग घराण्याच्या वाड्यात. १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आले. सर्वांत जास्त गर्दी बेन्झोनीने घडवलेल्या संगमरवरी रिबकेपुढे. आम्हीही फोटो काढले.

परतताना उत्पत्तीचा २४ वा अध्याय वाचला. रिबकेला आणायला गेला तो अब्राहामाचा दास. विहिरीजवळची त्याची प्रार्थना देवाने ऐकली. पण अध्यायभर त्याचे नाव नाही. धन्याची संपत्ती सांगताना तो मेंढरे, सोने, उंट यांच्या रांगेत दासदासीही मोजतो. म्हणजे त्या यादीत तो स्वतःही आला!

गुलामगिरी अमेरिकेतली, असे आपण म्हणतो. निजामी मुलखात कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्याला ‘भगेला’ म्हणत. आणि मराठवाड्यातून आलेल्या आपल्याला ‘उचल’ म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको.

नाशिकच्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मिशनने सांभाळली. तिथेच शिकलेला जेकब वेनराईट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत इंग्लंडला गेला. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेही. पण आपल्याच घरी कामाला येणाऱ्या बाईने मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल वर्षानुवर्षे पगारातून कापली जाते, तिचा कप वेगळा असतो आणि फिटेपर्यंत दुसरे काम धरू नकोस असे आपण तिला बजावतो. मग शरणपूरचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे?

“अडचणीत मदतच केली ना!” असे म्हणणारे आपल्यात आहेत. जी मदत माणसाचे पाय बांधते तिला मदत म्हणत नाहीत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीबरोबर तिच्यामागचे कर्जही रद्द केले. मंडळीने सरकारच्याही मागे राहावे काय?

फिलेमोनाला पौलाने अनेसिमाला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घ्यायला सांगितले. एवढ्यावर तो थांबला नाही. अनेसिमाचे देणेही त्याने स्वतःच्या खाती घेतले. आपले देणे वधस्तंभावर फेडले गेले, असे आपण दर रविवारी गातो. तर पुढच्या प्रभुभोजनाआधी घरची हिशेबाची वही उघडू या, ती उचल खोडू या आणि त्या बाईला तिच्या नावाने हाक मारू या.