घराजवळ राहण्याचा हक्क कुणाला?

सध्या एक सल्ला सगळीकडे दिला जातो. पुण्या-मुंबईच्या धावपळीत काही अर्थ नाही, आपल्या तालुक्याच्या गावी राहावे, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर राहावे, कमी कमवावे पण सुखाने जगावे. ऐकायला फार गोड आहे. पण हा सल्ला देणारा कोण आहे, हे आपण विचारले पाहिजे. बाजारपेठेत ज्याचे वडिलोपार्जित दुकान आहे, रस्त्याला लागून ज्याची बागायत आहे, ज्याचा काका पतसंस्थेचा संचालक आणि मामा शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आहे, त्याच्यासाठी घराजवळ राहणे म्हणजे वारसा सांभाळणे. पण ज्याची आई नगरपालिकेत झाडू मारते आणि बाप स्टँडवर हमाली करतो, त्याने घराजवळ राहून कोणता वारसा सांभाळायचा? व्यवस्थेने हातात दिलेला झाडूच ना?

याचा अर्थ आपल्याला घराची ओढ नाही, असा मुळीच नाही. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यासारख्या लहान शहरात गेले. आई लवकर गेली, आत्याने सांभाळले, वडील नोकरीसाठी कोरेगावला होते. १९०१ साली सुट्टीत भीमराव, थोरला भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. जवळ शिदोरी होती, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही म्हणून मुले रात्रभर उपाशी राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बापलेकांमधले अंतर किती, हे त्या दिवशी मैलांनी नाही, जातीने ठरवले. कुटुंबाच्या गोडव्याची गाणी गाणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आता थोडे आपल्या माणसांशीही बोलले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली. आपल्यातल्या काही शिकलेल्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. शहरात फ्लॅट घेतला, आडनाव बदलले, वस्तीतल्या आईला दरमहा पैसे पाठवले की कर्तव्य संपले! बाबासाहेबांनी जातीची गुलामगिरी लादणारी गावकी नाकारली होती. आपली माणसे टाकून द्या, असे त्यांनी कधीही सांगितले नाही. सुभेदार रामजींचेच पाहा. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. मुलाला अभ्यास करता यावा म्हणून बाप त्याला लवकर झोपवायचा, स्वतः जागा राहायचा आणि पहाटे दोनला त्याला उठवायचा. एकत्र राहणे असे असावे. रामजींनी मुलाला जवळ ठेवले ते पुढे पाठवण्यासाठी, अडवण्यासाठी नाही.

आज आपल्या घरांत मुलींना जवळ ठेवले जाते ते कशासाठी? मुलगा पुण्याला जातो, मुलीला मात्र जवळचेच कॉलेज आणि जवळचेच स्थळ. जवळचे स्थळ म्हणजे आपल्याच नात्यातले, आपल्याच पोटजातीतले. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले. म्हणजे जे कुटुंब आपल्याला बाहेरच्या जातिवादापासून सांभाळते, तेच मुलीच्या बाबतीत जातीचा पहारेकरी होऊ शकते. मुलीला सक्तीने जवळ ठेवायचे आणि त्यालाच माया म्हणायचे, ही फसवणूक थांबली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. घराजवळ राहणे हा हक्क असावा, सक्ती नसावी. ज्याला जायचे त्याला जाता यावे आणि ज्याला राहायचे त्याला मानाने राहता यावे. आज आपल्या पोरांना दोन्ही अवघड आहे. जावे तर वसतिगृहात जागा नाही आणि स्वाधारचे पैसे वेळेवर येत नाहीत. राहावे तर नेट-सेट झालेला पोरगा तासिका तत्त्वावर राबतो, कायम जागेसाठी संस्थाचालक लाखांत बोलतो आणि बिंदुनामावली कागदावरच राहते. वस्तीबाहेर भाड्याने घर पाहायला जावे तर घरमालक आधी आडनाव विचारतो. लहान गावात आडनाव लपवताही येत नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

हे बदलायचे असेल तर लढाई तालुक्याच्या गावीच लढावी लागेल. संस्थांच्या नोकरभरतीचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. तालुक्याला मुलींचे वसतिगृह मागा. विहार १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरपुरते न उघडता रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा. शहरात गेलेल्यांनी जयंतीच्या मिरवणुकीपुरते गावी न येता महिन्यातला एक रविवार त्या अभ्यासिकेत बसावे, पोरांचे अर्ज भरून द्यावेत. आईला पैशांपेक्षा याचा जास्त अभिमान वाटेल.

जय भीम!